काकांचा वाटा

आमच्या घरातल्या गेलेल्या माणसांचे फोटो हार घालून भिंतीवर टांगलेले आहेत. काकांचा फोटो मात्र काकीच्या कपाटात, साड्यांच्या घडीत असतो. हवाई दलाचा गणवेश, चापून बसवलेले केस आणि हसू दाबून धरलेलं तोंड. ते बॉम्बफेकी विमानात नॅव्हिगेटर होते. झाईच्या मच्छीमाराच्या घरातला मुलगा एवढा शिकला याचंच गावाला तेव्हा अप्रूप. नॅव्हिगेटर म्हणजे काय असं कोणी विचारलं की काकी आपल्या भाषेत समजावते, "विमानाचा तांडेल दुसरा. हे त्याला वाट सांगतात." होडी चालवणारा तो तांडेल, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. काकी 'सांगतात' म्हणते, 'सांगायचे' म्हणत नाही. म्हणत नव्हती.

युद्धात एका रात्री ते विमान समुद्रावर गेलं आणि परत आलं नाही. मी तेव्हा पाळण्यात होते. तार आली, तिच्यात 'बेपत्ता' असा शब्द होता. शेजारच्या बायका रडायला जमल्या, तर आजीने त्यांना ओट्यावरूनच परतवून लावलं. म्हणाली, होडी यायला उशीर झाला तर आपण लगेच बांगड्या फोडतो का?

आमच्या घराची रीतच तशी. समुद्रात गेलेल्या माणसाचं काहीतरी, निदान होडीची एखादी फळी किनाऱ्याला लागली, की घरची बाई कुंकू पुसते. त्याच दिवशी होडीवरचा त्याचा वाटा बंद होतो. तोवर तो कामावर आहे असं धरायचं. काका कॉलेजच्या सुट्टीत घरच्या होडीवर जात, तेव्हा त्यांचाही वाटा असे. आजीने तो चालू ठेवला, मग माझ्या वडिलांनी, आणि आता माझा भाऊ ठेवतो. होडी लागली की वाळूवर मासळीचे ढीग करायचे आणि त्यातला एक काकांचा.

काकी हा वाटा हक्काने घ्यायची. बारीक मासळी दिसली की भावाला खडसवायची, "मानूस हितं नाय म्हनून मांदेली पाठवतोस काय रे? पापलेट कोनाच्या घरात गेलं?" सरकारने पुढे काकांना मृत धरलं आणि पेन्शन सुरू केली. काकी तिला पगार म्हणते. आम्ही पोरं मागून हसायचो, पण तिच्या कपाळावरच्या ठसठशीत कुंकवाकडे बघून कोणी कधी चकार शब्द काढला नाही.

तो मी काढला. तोंडाने नाही, पण काढलाच.

गेल्या प्रजासत्ताक दिनी झाईच्या शाळेत काकांच्या नावाची शिळा बसवायचं ठरलं. मी तलासरीला शिक्षिका, त्यातून घरची. पुढे पुढे करण्याची खोड मला जन्मापासून आहे, त्यामुळे समारंभ मीच अंगावर घेतला. काकीकडे फोटो मागितला. ती म्हणाली, "देते. हार नको घालू." मी घातला नाही. फोटोपुढे फुलांचं ताट ठेवलं आणि आपण किती समजूतदार आहोत म्हणून स्वतःवरच खूश झाले.

काकी पहिल्या रांगेत बसली होती, हिरव्या बांगड्या भरून, नवं लुगडं नेसून. पाहुण्या बायकांना हळदीकुंकू लावायचं ताट माझ्या हातात होतं. सरपंचबाईंना लावलं, मुख्याध्यापिकांना लावलं आणि काकीपुढे आले. नेमकं तेव्हाच माइकवरून पुकारलं गेलं, "वीरगती प्राप्त झालेल्या आपल्या सुपुत्राच्या वीरपत्नी..." काकीने बायका करतात तशी हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. माझं बोट कुंकवात बुडवलेलं होतं. समोर शिळा, तिच्यावर काकांच्या नावाआधी 'शहीद'. बघणारे काय म्हणतील, एवढंच माझ्या मनात आलं. मी एक पाऊल बाजूला सरकले आणि ते कुंकू पुढच्या बाईच्या कपाळावर टेकवलं.

काकी तशीच बसली होती, हनुवटी वर, डोळे मिटलेले. मग तिने डोळे उघडले, पुढे गेलेल्या माझ्या ताटाकडे बघितलं आणि पदर पुढे ओढून घेतला. माझ्या ते ध्यानात आलं होतं. तरी मी रांग पुरी केली.

आता हे ऐका. माझ्या घरच्या हळदीकुंकवाला मी विधवा बायकांना मुद्दाम बोलावते. त्यांना आधी कुंकू लावते, वर शाळेत त्यावर भाषण ठोकते. म्हणजे काकी विधवा म्हणून आली असती, तर मी तिला मिरवत कुंकू लावलं असतं. ती सवाष्ण म्हणून आली आणि माझा हात आखडला. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते असं. मला माझी लाज वाटते, आणि ती लिहून कमी होत नाही.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. "काकीनं वाटा परत पाठवला. तू काय बोललीस तिला?"

मी मिळेल ती बस पकडून झाईला गेले. काकी दोरीवर बोंबील घालत होती, दोन-दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून. तिचं कपाळ मोकळं होतं. इतकी वर्षं कुंकवाखाली राहिलेली तिथली कातडी फिकट दिसत होती. मी पर्समधून करंडा काढला.

"ठेव तो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मला बरं वाटलं असतं. "फळी नाय आली, वल्हं नाय आलं. सरकार बोललं, ते मी मनावर नाय घेतलं. सरकार परकं. पन तू घरची ना गो? घरच्या मानसाचा हात थांबला, मंग मी कोनाला सांगू का ते कामावर हाईत?"

"काकी, चुकलं माझं. लोकांना घाबरले."

"मी नाय घाबरली कधी," ती म्हणाली आणि पुढचे बोंबील उचलले.

संध्याकाळी भावाची होडी लागली. मी वाळूवर उभी होते. त्याने सवयीने ढीग घातले आणि शेवटचा घातल्यावर हात तसाच धरून थांबला. तो ढीग काकांचा होता. चांगलं मोठं पापलेट वरच ठेवलेलं. भावाने माझ्याकडे बघितलं. खलाशांपैकी कोणीच तो मोडायला पुढे होईना.

मी खाली बसले, पदर खोचला आणि तो ढीग माझ्या हातांनी बाकीच्या ढिगांत सारला.