सहा तासांचं रान

संध्याकाळी सहाला फोन वाजला तेव्हा मी न बघताच म्हणाले, "बोला नाना." पलीकडे चुलतभाऊ होता. "ताई, नाना गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच न्हाईत..." त्याला आता महिना होत आला. पिकलं पान होतं, हाल न होता गळालं, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे. तरी सहा वाजले की माझा हात फोनकडे जातोच.

नाना माझे थोरले चुलते. तिसगावात आमची घरं शेजारीशेजारी. बारावीनंतर मी रोज एसटीने नगरच्या कॉलेजात जाऊ लागले आणि पहिल्याच वर्षी दोन विषय राहिले. वडील मोजकं बोलणारे. "औंदा निघालं तर निघालं, न्हाईतर कॉलेज बंद," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. घाबरून मी टाईमटेबल केलं. चार रंगांची स्केचपेनं, पहाटे पाच ते रात्री अकरा, एक चौकट मोकळी नाही. एसटीतला प्रवाससुद्धा सोडला नव्हता. आठवड्यात त्याचा बोऱ्या वाजला. एक दिवस गाडी चुकली, दोन दिवस आई तापाने पडली, आणि मागचं पुढे ढकलता ढकलता मी रडकुंडीला आले.

तो कागद घेऊन मळ्यात मोटारीच्या खोलीपाशी बसले होते. नाना कांद्याला पाणी देत होते. चष्मा सावरून त्यांनी कागद उलटसुलट पाहिला. "चित्र लई झ्याक काढलंय," म्हणाले. मग विचारलं, "मोटारीला लाईट किती तास असती?"

"आठ."

"आन् मी भिजवायला रान किती तासांचं धरतो? सहाचं! दोन तास लाईटच्या नखऱ्याला सोडायचं. आन् लांबचा वाफा आदी भिजवायचा. जवळच्याला काय, पानी कवाबी पोचतंय."

मला रागच आला. इथे माझं कॉलेज सुटायची वेळ आली आणि यांचं आपलं कांदेपुराण! पण दुसरा इलाजही नव्हता. स्टॅटिस्टिक्स हा माझा सगळ्यात लांबचा वाफा, तो सकाळी पहिल्यांदा घेऊ लागले. संध्याकाळी सहा ते आठ कोरं ठेवलं. गाडी चुकली, पाहुणे आले, की राहिलेलं तिथे उरकायचं. त्या वर्षी मागचे दोन्ही विषय निघाले आणि नवेही. कॉलेज वाचलं...

ज्या दिवशी काही राहिलेलं नसे, त्या दिवशी सहाला मी नानांच्या ओट्यावर. चहा आणि गावभरच्या गप्पा. बोलायला बसला की म्हातारा थांबायचा नाही. पुढे नगरलाच कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा ओट्याची जागा फोनने घेतली. पहिला प्रश्न ठरलेला, "मोकळी हाय का?" मी असायचेच. इतकी वर्षं मी आनंदाने मोकळी होते.

परवा नव्या सत्राचं वेळापत्रक लावताना आमच्या प्राचार्यांनी सहाच्या जादा तासासाठी विचारलं, "मॅडम, तेव्हा मोकळ्या असता ना?"

त्या प्रश्नाला मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले.