जळकोटचा श्रोता

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं जीभ उचलतेय — समोर बसला असता तर बहुतेक हेही जमलं नसतं.

लातूरला माझं बी-बियाण्यांचं दुकान आहे. गाव निलंग्याकडचं. बायको वैशाली, माहेर नांदेडचं. ती इथल्या रेडिओवर रोज सकाळी एक कार्यक्रम करायची, ‘स्पष्टच बोलते’. एक विषय घ्यायचा, आपलं मत ठासून सांगायचं, मग ऐकणाऱ्यांचे फोन आणि मेसेज. लग्नातला डीजे असो की पारावरचे रिकामटेकडे पुढारी — तिला कुणाची भीड नव्हती. लोक चिडायचे, फोनवर भांडायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रेडिओ लावायचे.

दुकानात रेडिओ मीच लावायचो. सुरुवातीला अभिमानानं. खताचं पोतं उचलायला आलेला माणूस पोतं तसंच ठेवून ऐकत राहायचा. “लई खरं बोलते बाई,” म्हणायचा. एकदा उदगीरकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, “तुमीच का ताईंचे मालक?” मी हो म्हणालो. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. “नशिबवान माणूस हाव बघा.”

माझं नाव त्यांनी विचारलं नाही.

एवढ्यानं कुणी जळतं का? मला तेव्हा वाटलं नव्हतं. पण रात्रीच्या जेवणात तिच्या श्रोत्यांचीच चर्चा असायची. कोण काय म्हणालं, कोण रडलं, कुणी शिव्या घातल्या. मीही मधे माझं मत सांगायचो. ती नीट ऐकून घ्यायची, मान हलवायची — आणि मला वाटायचं, ही मलाही फोनवरच्या कुणासारखंच ऐकून राहिली. ताटावरून उठावंसं वाटायचं.

दुकानात एक जादाचा मोबाईल पडून होता. त्याचा नंबर तिला माहीत नव्हता. एका सकाळी त्यावरून मी मेसेज पाठवला — “ताई, तुमचा आवाज लई चढतो. घरीबी असाच चढतो का? एक श्रोता, जळकोट.” जळकोट का लिहिलं, कुणास ठाऊक. तिथं माझं कुणीच नाही.

तिनं तो वाचून दाखवला. हसत म्हणाली, “घरी चढवायची गरजच पडत नाही, जळकोटकर. आमचे साहेब गुपचूप ऐकून घेतात.” दुकानातले सगळे हसले. काउंटरमागं उभा राहून मीही हसलो. त्या हसण्यानं मला जे झालं, ते मी तुम्हाला कसं सांगू?

मग मी लिहीतच गेलो. ती उत्तर देत गेली. लोकांना ती जुगलबंदी आवडायला लागली. “आज जळकोटवाला काय म्हणतो?” असं गिऱ्हाईकं मलाच विचारायची. मी जितकं टोचावं, तितकी तीच मोठी व्हायची.

आता मूळ गोष्टीकडं येतो — टाळतोय, ते मलाही कळतंय.

आम्हाला मूल नाही. नांदेडच्या एका दवाखान्यात आम्ही पुष्कळ चकरा मारल्या. कुणाला सांगितलं नव्हतं. वैशालीची लहानपणची मैत्रीण नसरीन, तीही लग्न होऊन लातूरलाच होती, शिवणकाम करायची — फक्त तिला माहीत होतं. मला दुकान सोडता यायचं नाही तेव्हा तीच सोबत जायची. दोष माझ्यात आहे, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. वैशालीनं मात्र नसरीनलासुद्धा, “माझ्यातच काहीतरी आहे,” असं सांगितलं. मी तिला तसं सांगायला लावलं नव्हतं. आणि थांबवलंही नव्हतं.

एक दिवस ती क्लासेसवर बोलत होती. लेकरांना पहाटेपासून जुंपणाऱ्या आईबापांना तिनं चांगलंच झापलं. फोनवर एक बाप रडला. म्हणाला, “ताई, आज पोराला घरी घेऊन येतो.” दुकानात एकानं डोळे पुसले. माझ्या अंगाचा भडका उडाला.

मी लिहिलं — “जिला लेकरू न्हाई, तिनं आईबापाला शहाणपण शिकवू नये. नांदेडच्या दवाखान्याला इतक्या चकरा मारल्या, त्याचं काय झालं ते सांगा की.”

आणि पाठवलं. चुकून नाही. वाचून, पुन्हा वाचून पाठवलं.

रेडिओवर ती म्हणाली, “आपले जळकोटकर लिहितात...” पुढं काहीच नाही. मग गाणं लागलं. एकामागून एक गाणीच लागत राहिली.

दुपारी ती घरी आली, तेव्हा चेहरा राखेसारखा झाला होता. मोबाईल माझ्यापुढं धरला. मी माझंच लिहिलेलं पहिल्यांदा वाचावं तसं वाचलं. तिनं विचारलं, “तुम्ही कुणाजवळ बोललात का?”

तेव्हा सांगता आलं असतं. ती ओरडली असती, निघून गेली असती — पण सगळं तिथंच संपलं असतं. मी काय केलं?

मी म्हणालो, “मी कुणाला सांगणार?” आणि वर म्हणालो, “नसरीनच्या घरी माणसं लई येतात-जातात.”

बास. एवढंच बोललो.

वैशालीनं नसरीनला जाब विचारला नाही. फोन घेणं बंद केलं. नसरीन दारात आली तर मला म्हणायची, “घरी नाही म्हणून सांगा.” मी सांगायचो. नसरीनच्या लेकीच्या लग्नाचं बोलावणं आलं, वैशाली गेली नाही. त्या दिवशी दार लावून आत बसून होती. कार्यक्रम तर तिनं त्याच आठवड्यात सोडला होता. गिऱ्हाईकं बरेच दिवस विचारत राहिली, “ताई का येईना झाल्या?” मी म्हणायचो, तब्येत बरी नसते. आता कुणी विचारत नाही. घरीही ती कशावरच मत देत नाही. भाजी कोणती करू, हेसुद्धा मला विचारते.

मला हवं होतं ते हेच होतं का?

मागच्या महिन्यात कंपनीच्या बैठकीला नांदेडला गेलो होतो. बाजारात नसरीन भेटली. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली होती, हे मला तिथंच कळलं. तिनं आधी वैशालीची तब्येत विचारली. मग म्हणाली, “भाऊजी, माझ्याकडून काय चुकलं, तेवढं तरी सांगा. लई दिवस झाले, विचार करून राहिले, मला सापडत न्हाई.”

मी म्हणालो, “मला न्हाई माहीत.”

तिनं मान हलवली. वैशालीला सलाम सांगा म्हणाली आणि गेली.

घरी आलो. वैशालीनं पाणी आणून दिलं. जरा वेळ उभी राहिली. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, “नांदेडात कुणी भेटलं का?”

“कुणी नाही,” मी म्हणालो.