हडप्पाच्या घरात आमचा पाटा

मुलाने गुडगावात फ्लॅट घेतला तेव्हा बायको म्हणाली होती, "माझा पाटा येणार असेल तर मी येते." आली, आणि दोन वर्षांत गेली. पाटा राहिला. त्यावर शेवटची चटणी तिनेच वाटलेली. नंतर मी तो कुणाला धुऊ दिला नाही. जवळ बसलं की लसणीचा वास यायचा.

नातीची शाळा म्हणजे सगळी काच. बाहेरून बँक वाटते. सहावीत इतिहास वाचायचा नाही, बांधायचा. हडप्पाचं घर करायचं होतं. विटा थर्माकोलच्या, त्याही बाजारातून कापून आणलेल्या. पोरांनी काय केलं, तर डिंक लावला. मी सातवी शिकलेला फिटर, पण याला बांधकाम म्हणायला माझी जीभ रेटली नसती.

या घराला स्वयंपाकघर हवं, म्हणून सुनेने पाटा मागितला. मी सरळ नाही म्हटलं. मग नात म्हणाली, "आजोबा, आजीचा पाटा मला सगळ्यांना दाखवायचाय." तिथे मी फसलो. "जसा नेशील तसा आण," एवढंच बजावलं.

प्रदर्शनाला जाऊन पाहतो तर पाट्याला मातकट रंग फासलेला. नात शेजारी मान खाली घालून उभी. तिच्या मॅडम खुशीत होत्या. "अंकल जी, पुराना दिखना चाहिए ना. ओल्ड लुक दिया है."

"पुराना ही था," मी म्हटलं. "मेरी बीवी का था."

"अच्छा? फिर तो परफेक्ट है."

मुलगा माझी बाही ओढत होता. "बाबा, चलो, इथे नको." मी वाकून दोन्ही हातांनी पाटा उचलला. त्याला चिकटलेली भिंतही सोबत आली. खरं हडप्पा पडायला किती वर्षं लागली ते पुस्तकात असेल. हे एका हिसक्यात गेलं. मॅडम "अंकल जी, अंकल जी" करत राहिल्या.

घरी बाथरूममध्ये बसून घासत राहिलो. पाट्याला टाकी लावून पाडलेल्या प्रत्येक खड्ड्यात रंग बसलेला. नुसत्या पाण्याने हलेना, शेवटी साबण लावावा लागला. रंग गेला. पाट्याला नाक लावून पाहिलं, तर साबण.

नात दाराशी रडत होती. "मी मॅडमना नको म्हटलं होतं, आजोबा."

"माहीत आहे मला," मी म्हटलं.

तेवढ्यात मुलगा डोकावला. "चला, निदान स्वच्छ तरी झाला."

एमबीए केलंय त्याने. मी पाटा पुसला आणि माझ्या पलंगाखाली सारून ठेवला.