लंबूताईनं न सांगितलेला शेवट

हॉटेलच्या तळघरातल्या लाँड्रीत घडीच्या टेबलापाशी दोघी जणी होत्या. एक इतकी उंच की कुठल्याही दारातून जाताना सवयीनंच मान खाली घालायची, आणि दुसरी इतकी ठेंगणी की वरच्या फळीवरचे टॉवेल काढायला तिला पालथी बादली लागायची. अशा दोघींना एकाच चादरीच्या दोन टोकांना उभं करायचं कुणाच्या सुपीक डोक्यात आलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण एकदा उभ्या राहिल्या त्या राहिल्याच. खरी नावं हजेरीपुरती उरली. उंच ती लंबूताई, बुटकी ती ठेंगूताई.

मोठ्या पलंगाच्या चादरीची घडी एकटीला धड घालता येत नाही. दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, चादर ताणायची, एक झटका द्यायचा, मग चालत एकमेकींकडे यायचं. एकीनं आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे आणि खाली लोंबणारी दुमड उचलून पुन्हा मागे जायचं. शेजारी ड्रायर असे धडधडायचे की लांबून एक अक्षर ऐकू यायचं नाही. बोलायचं ते जवळ आल्यावर, कोपरे देता-घेता. त्यामुळे टीव्हीवरच्या राणीच्या मालिकेबद्दलच्या त्यांच्या गप्पा सगळ्या तुकड्यातुकड्यांनीच चालायच्या.

"कसला मेला तो दीर," ठेंगूताई जवळ येऊन म्हणायची, आणि मागे जायची.

पुढच्या खेपेला लंबूताई म्हणायची, "मला त्याचं हसणं पहिल्यापासूनच आवडलं नव्हतं."

"आणि राणीच्या पलंगावरची चादर बघितलीस? एक सुरकुती नाही! किल्ल्यात कोंडलेली बाई ना ही? कोण बाई धुते हिच्या चादरी?"

"आपल्यासारख्याच कुणी दोघी असतील तळघरात."

मग दोघी इतक्या हसायच्या की चादर पुन्हा पहिल्यापासून धरावी लागायची.

मालिका जुन्या काळातली होती. राणीचा नवरा लढाईत पडतो, दीर गादी बळकावतो आणि राणीला किल्ल्याच्या बुरुजात कोंडतो. तिची तान्ही मुलगी दाई नदीपलीकडे पळवून नेते आणि एका मिठाच्या व्यापाऱ्याच्या घरी वाढवते. माय-लेकींची भेट होते की नाही, एवढ्या एका प्रश्नावर ती मालिका वर्षानुवर्षं चालली होती. दुसरी कुणी असती तर कंटाळून गेली असती. या दोघी मात्र रोज संध्याकाळी आपापल्या घरी तासभर टीव्हीला चिकटायच्या आणि सकाळी कधी एकदा चादर हातात धरतोय असं त्यांना व्हायचं. त्यांच्या नादानं मशीनवाले काका बघायला लागले, मग सुपरवायझरबाई. जेवणाच्या सुट्टीत टेबलाभोवती सगळ्यांची सभा भरायची, आणि दीर समोर असता तर त्याचं काही खरं नव्हतं.

सभेचा नियम एकच. ज्यानं भाग बघितला नसेल त्याच्यासमोर ब्र काढायचा नाही. दाईला विष दिल्याचं एकदा काकांनी ठेंगूताईसमोर बोलून टाकलं, आणि नेमका त्या दिवशी तिच्या घरी वीज नव्हती. ठेंगूताई रडली. अक्षरशः रडली, भर कामावर. त्यानंतर काकांशी बरेच दिवस कुणी धड बोललं नाही.

लंबूताईला असला नियम मुद्दाम पाळावा लागत नसे. तिच्या पोटात गेलेली गोष्ट बाहेर यायचीच नाही. लहानपणी बहिणीनं फोडलेल्या बरणीचा मार तिनं मुकाट खाल्ला होता. नवऱ्याचं दुखणं तिनं सासरी महिनोनमहिने कळू दिलं नव्हतं. तो गेल्यावर, मूलबाळ नसलेल्या त्या दोन खोल्यांत, ती स्वतःशीसुद्धा फार बोलायची नाही. आपण काही बोलून दाखवत नाही याचा तिला आतून थोडा गर्वच होता. बोलायची ती फक्त चादरीच्या पलीकडच्या टोकाशी, आणि तेही राणीबद्दल. ठेंगूताई म्हणजे तिला या जगात राहिलेली एकुलती एक गप्पांची जागा होती.

शेवट तिला कळला तो तिच्या इच्छेविरुद्ध. तिची भाची त्या मालिकेच्या कपडेपटात कामाला होती. मावशीकडे आली आणि बसल्या बसल्या बोलून गेली, "शेवटचा भाग झाला आमचा करून. राणीचा अंगरखा मीच इस्त्री केला. मुलगी नावेतून येते आणि घाटावरच दोघी—"

"गप्प बस!" लंबूताईनं दोन्ही कानांवर हात दाबले. पण भाचीचं बोलणं थांबेना, आणि हातांआडूनही सगळं ऐकू आलंच. घाटावर दोघी भेटतात. आई मुलीचा हात आधी नुसता चाचपून बघते, मग तिला जवळ घेते. लंबूताई भाचीवर भयंकर चिडली, आणि भाची गेल्यावर स्वयंपाकघरात एकटीच डोळे पुसत बसली, कारण शेवट गोड होता.

दुसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही, पण ठेंगूताईनं चेहरा वाचला.

"तुला काहीतरी कळलंय."

चादर ताणली, झटका दिला, पुढे आल्या.

"मला काय कळणार?"

"भाची येऊन गेली ना तुझी? बोल, भेटतात का?"

"नियम म्हणजे नियम."

तिथून त्यांचा नवाच खेळ सुरू झाला. ठेंगूताई रोज नवी युक्ती काढायची. कधी लाडीगोडी, कधी शपथा, कधी "नको सांगूस, नुसती मान हलव." लंबूताईची मान ताठच्या ताठ. दोघींनाही त्यात मजा यायची, आणि ड्रायरपाशी उभे असलेले काका त्यांच्याकडे बघून कपाळाला हात लावायचे.

पुढे ठेंगूताईला जेवण जाईना. झटका देताना ती पोट धरून थांबायला लागली. चादरीचं तिच्याकडचं टोक खाली घसरायचं, आणि लंबूताई आपलं टोकही तेवढंच खाली घ्यायची. मग ती कामावर यायची थांबली. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तिच्या लेकीनं लंबूताईला जिन्यात गाठून सांगितलं, "मावशी, फार दिवस नाहीत. आईला माहितेय. तिच्यापासून काही लपवू नका, तिला चिडायला होतं."

ही लेक नोकरीवरून रजा काढून आईच्या उशापायथ्याशी बसून होती. अगदी गुणाची पोर, पण झोप नसल्यामुळे चेहरा ओढलेला. तिनं टीव्ही आईच्या पलंगासमोर स्टुलावर आणून ठेवला होता. मालिका संपायला आता थोडेच आठवडे राहिले होते.

जेवणाच्या टेबलावर या सगळ्याची चर्चा झाली तेव्हा काका म्हणाले, "माणसाचा जीव एखाद्या गोष्टीत अडकला ना, की तो थांबतो बघा. माझे वडील माझा भाऊ परदेशातून येईपर्यंत थांबले. डॉक्टरांनी हात टेकले होते. भाऊ आला, त्याला बघितलं, आणि मग गेले."

काका बोलले आणि डबा बंद करून उठलेसुद्धा. त्यांना काय कल्पना, की ते वाक्य लंबूताईच्या काळजात जाऊन बसलं. त्या दिवसापासून तिनं मनाशी पक्कं केलं. शेवट कळला नाही तोवर ठेंगू जाणार नाही. तिला सांगितलं, की तिचा राणीत अडकलेला जीव मोकळा होईल. वेडेपणाच होता तो. पण ज्याच्या हातात दुसरं काहीच नसतं, तो हातात असलेलं एवढंसंही घट्ट धरून बसतो, आणि लंबूताईच्या हातात तेवढं एकच होतं.

काम सुटलं की ती रोज तिकडे जायची आणि मालिका दोघी मिळून बघायच्या. ठेंगूताई पलंगात इतकी आटली होती की पांघरुणाखाली कुणी आहे की नाही असं वाटावं. जीभ मात्र शाबूत होती.

"दीर काय जाड झालाय बघ. दुसऱ्याचं राज्य खाऊन."

"खाऊ दे. पुढे आहे त्याला."

"म्हणजे तुला माहितेय!" ठेंगूताईचे डोळे चमकायचे, आणि लंबूताईला वाटायचं, बघा, थांबलीय की नाही.

पण हळूहळू त्यातला खेळ संपला. एका संध्याकाळी भाग संपल्यावर ठेंगूताईनं तिचं मनगट धरलं. हाताला जोर नव्हता, तरी सोडवून घेणं लंबूताईला जमेना.

"आता सांग."

"थोडेच भाग राहिलेत. आपण दोघी मिळून बघू."

"मी नाही बघणार गं. तुलाही माहितेय, मलाही माहितेय. सांग. मी काय तिकडे जाऊन कुणाला सांगणारे?"

लंबूताईला हसायला आलं. "तू थांब," ती म्हणाली. "शेवटापर्यंत थांब, मग तुझी तू बघ."

"थांबणं माझ्या हातात आहे का?"

"आहे."

ठेंगूताईनं तिच्याकडे नीट बघितलं. बहुतेक तिच्या सगळं लक्षात आलं. इतकी वर्षं समोरासमोर चालत आलेल्या बाईच्या मनातलं कळायला वेळ लागत नाही. "अगं वेडे," ती म्हणाली, "असं नसतं ते. मला दुखतंय फार. भेटतात का, एवढं सांग. मी सुखानं झोपेन."

लेक दारात उभी होती. "मावशी, सांगून टाका ना," ती काकुळतीनं म्हणाली.

एक शब्द. "भेटतात." बस, एवढाच म्हणायचा होता. तो लंबूताईच्या ओठांपर्यंत आला, आणि तिला वाटलं, मी हा उच्चारला की ही उद्या नसेल. तिनं मान ताठ ठेवली.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली. इतक्या दिवसांच्या गमतीतलं ते वाक्य त्या खोलीत फार वाईट ऐकू आलं.

ठेंगूताईनं मनगट सोडलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "जा तू घरी," ती म्हणाली.

त्यानंतरही लंबूताई रोज गेली. ठेंगूताई कधी झोपलेली असायची, कधी झोपेचं सोंग घेतलेली. मालिका लागली की डोळे किलकिले करून बघायची, पण दिराला शिव्या द्यायची नाही. शेवटचा भाग यायच्या आठवड्यातच, दुपारच्या वेळी, ती गेली. लंबूताई तेव्हा कामावर होती. दुसरं टोक सुपरवायझरबाईंनी धरलं होतं, आणि त्यांना घडी घालता येत नव्हती.

शेवटच्या भागाला तळघरातली सगळी मंडळी सुपरवायझरबाईंच्या घरी जमली. ठेंगूताईसाठी बघायचा, असं ठरलं होतं. लंबूताई कोपऱ्यात बसली. पुढे काय होणार ते तिला ठाऊकच होतं. घाट, नाव, मुलगी. तिनं आधीच रुमाल हातात घेतला होता.

नाव आली. मुलगी उतरली. घाटावर कुणीच नव्हतं. राणीनं आदल्या रात्रीच बुरुजात प्राण सोडला होता. मुलीच्या हाती आईचा रिकामा अंगरखा आला, आणि त्यावर मालिका संपली.

काका उघडपणे रडत होते. लंबूताई पडद्याकडे बघत राहिली. तिनं तिथूनच भाचीला फोन लावला.

"अगं मावशी, दोन शेवट केले होते," भाची म्हणाली. "कुठला दाखवायचा ते वरच्यांनी अगदी अखेरीला ठरवलं. लोक जास्त रडतील म्हणून हा घेतला. तो दुसरा आता कुठेच दाखवणार नाहीत. का गं?"

"काही नाही," लंबूताई म्हणाली. तिनं फोन ठेवला. जो शेवट ठेंगूला हवा होता, तो लंबूताईपाशीच राहून गेला होता. मागणारी गेली होती.

काही दिवसांनी ठेंगूताईची लेक आईचा कामावरचा एप्रन परत द्यायला तळघरात आली. एप्रन टेबलावर ठेवला आणि एकदम लंबूताईच्या गळ्यात पडली.

"मावशी, मी तुमच्यावर रागावले होते. फार रागावले होते. आई एवढी विनवत होती आणि तुम्ही दगडासारख्या. परवा शेवट बघितला तेव्हा कळलं. मुलगी येते आणि आई आधीच गेलेली. हे तुम्ही तिला कसं सांगणार होतात? सगळा राग स्वतःवर घेतलात, पण तिला सांगितलं नाहीत. माझी आई नशीबवान, तिला तुमच्यासारखी मैत्रीण मिळाली."

काकांनी ऐकलं आणि मान डोलावली. सुपरवायझरबाईंनी डोळे पुसले. लंबूताईनं तोंड उघडलं, आणि त्या पोरीच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी सुटका दिसतेय ते तिला दिसलं. तिनं तोंड मिटलं. आयुष्यभराची सवय. या वेळी तिचा गर्व मात्र वाटला नाही.

लेक जायला निघाली. जिन्याशी पोचली आणि मागे वळली. ड्रायर नेमके बंद होते, त्यामुळे एवढ्या लांबूनही स्वच्छ ऐकू आलं.

"एकच मनात येतं मावशी. आपण दोघींपैकी कुणीतरी तिला खोटंच सांगायला हवं होतं. भेटतात म्हणून. आईला काय कळणार होतं? सुखानं झोपली असती. माझ्या डोक्यातच आलं नाही. तुमच्या आलं होतं का?"

लंबूताई टेबलाला धरून उभी होती.

"नाही गं," ती म्हणाली. "नाही आलं."