इरलं पांघरलेलं नळकांडं

धुराशी उभं वैर धरणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण धुराची इतक्या आदबीनं बोळवण करणारा माणूस एकच होऊन गेला, आणि तो आमच्या आत्याचा नवरा होता. रेल्वेच्या इंजिनशेडमधली नोकरी संपल्यावर या काकांनी लोणावळ्यात लाँड्री काढली. ज्या गावात आषाढात भिंतींना बुरशी येते आणि भिजलेली वहाण वाळायला दिवाळी उजाडते, तिथे लोकांचे कपडे वाळवून देण्याचा धंदा काढणं त्यांनाच सुचू जाणे. घरामागे त्यांनी वाळवणाची एक खोली बांधली. आत दोऱ्या, दोऱ्यांखाली कोळशाच्या चार शेगड्या, आणि छपरातून बाहेर काढलेलं पत्र्याचं जाडजूड नळकांडं. इतर लोक थोरल्या मुलाविषयी ज्या आवाजात बोलतात, त्या आवाजात काका या नळकांड्याविषयी बोलत.

हे वेड मात्र त्यांना फुकट लागलेलं नव्हतं. पहिल्या पावसाळ्यात नळकांडं नव्हतंच. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून, उभा जन्म बॉयलरजवळ काढलेल्या या गृहस्थानं दाराच्या फटींतसुद्धा गोणपाट कोंबलं होतं. आत्या कपडे उलटायला आत गेली ती बाहेर येईना. दार ढकललं तर ती दोरीखाली पडलेली. धूर म्हणावा तर डोळ्यांना काहीच दिसत नव्हता, निखारे कसे लालबुंद होते. काकांनी तिला उचलून भर पावसात अंगणात आणलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आधी सदरे काढा, करपतील." ही हकिकत सांगताना काका इथपर्यंत हसत आणि मग उगीचच चष्मा पुसत. दिसणारा धूर सज्जन, न दिसणारा जीव घेतो, हे त्यांचं वाक्य नात्यातल्या पोराटोरांनाही पाठ होतं.

तेव्हापासून कुणाच्याही घरी गेले की काका आधी खिडकी उघडत आणि मग ख्यालीखुशाली विचारत. एका लग्नात होमाचा धूर कोंडलेला पाहून त्यांनी भटजींना कुंडासकट दाराकडे सरकायला लावलं; मुहूर्त टळला, पण वऱ्हाडाचे डोळे वाचले. कपड्यांचं तूस नळकांड्यात साचतं आणि एका ठिणगीनं पेट घेतं, म्हणून दर शनिवारी शेगड्या विझवून, लांब काठीला काथ्या बांधून ते नळकांडं आतून घासत. निघालेल्या तुसाची त्यांनी उशी भरली होती. "सगळ्या गावाची प्रतिष्ठा डोक्याखाली घेऊन झोपतो मी," असं म्हणत.

घाटाकडून येणारा वारा मात्र प्रतिष्ठा जाणत नसे. तो नळकांड्यात शिरून सगळा धूर परत आत लोटी. काकांनी इंजिनशेडची विद्या पणाला लावून पत्र्याच्या तीन टोप्या केल्या. तिन्ही उडून शेजारच्या परसात गेल्या. कामाला येणारी उर्से गावची सखूमावशी दोन दिवस हे नुसतं बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "काका, आमी इरलं पांघरून पावसाकडं पाठ करून भात लावतो. नळाला येक इरलं घाला की. वारं फिरलं की इरलं फिरवायचं, त्यात काय हाय?" काकांनी चौथ्या टोपीसाठी घेतलेला पत्रा खाली ठेवला. नळकांड्यावर पळसाच्या पानांचं इरलं चढलं आणि ते घरातून फिरवायला एक दोरी आली. लांबून बघणाऱ्याला छपरावर कुणी बाई भातलावणीला उभी आहे असं वाटे.

याच इरल्यानं घोटाळा केला. तुंगार्लीच्या रस्त्याला एका रावबहादुरांचा बंगला होता. ही मंडळी लोणावळ्याला हवा खायला येत. आपल्याच धोतरांतून निघालेली वाफ ही हवा नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. व्हरांड्यातून ते गावंढळ इरलं दिसतं आणि वाफही येते, तेव्हा नळकांडं बुजवावं, असा त्यांनी गावच्या कमिटीकडे अर्ज केला. नातेवाईक म्हणाले, बुजवा आणि दार उघडं ठेवा. काका म्हणाले, "दार उघडं राहत नाही. ऊब जाते म्हणून कुणीतरी लावून घेतं. मीच लावलं होतं." खोलीत आता आत्या आणि सखूमावशी दिवसभर वावरत. त्यांचा जीव एका अर्जावर टांगला होता.

पाहणीला कमिटीचे तिघे आणि रावबहादूर छत्र्या सावरीत आले. काकांनी चौघांना खोलीतच बाकावर बसवलं, रावबहादुरांच्याच पलंगपोसाचा बोळा करून नळकांड्यात कोंबला, दार लावलं आणि स्वतः शेजारी बसले. म्हणाले, "आता नळकांडं बुजलं आहे. ठराव लिहा, मी सही करतो." ठरावाचा मसुदा मोठ्या ऐटीत सुरू झाला. दुसऱ्या ओळीला एकानं कपाळ धरलं, तिसऱ्या ओळीला लिहिणाऱ्याला शब्द आठवेना. रावबहादुरांनी खिडकी कुठे आहे असं विचारलं. काका काही बोलणार तोच दार धाडकन उघडलं. आत्या उभी होती.

"पुरे," ती काकांना म्हणाली. "ही खोली मी एकदा आतून पाहिली आहे. तुम्ही बाहेर या."

चौघे अंगणात आले आणि पावसाळ्यात प्रथमच लोणावळ्याची हवा मनापासून खाऊ लागले. ठराव झाला तो असा, की नळकांडं जनहिताचं आहे, सबब राहू द्यावं. मात्र शोभेसाठी त्याला हिरवा रंग द्यावा. पुढच्याच आठवड्यात रावबहादुरांनी आपल्या न्हाणीघरातला बंब तपासायला काकांना बोलावणं धाडलं.

आता काका नाहीत. लाँड्री बंद झाली, शेगड्या कुणी कुणी नेल्या. गेल्या श्रावणात मी आत्याकडे चहा घेत बसलो होतो. बोलता बोलता ती थांबली, कप खाली ठेवून आत गेली आणि दोरी ओढल्याचा आवाज आला. ती परत आल्यावर मी म्हणालो, "आत्या, खाली विस्तव कुठे आहे आता?"

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण वारा फिरला की ते असेच चहा टाकून उठायचे."

तिनं गार झालेला चहा उचलला. मी उठून खिडकी उघडली. पाऊस आत आला, पण ती मला नको म्हणाली नाही.