केजच्या स्टँडवरचा चिवडा

बागूल मॅडम गेल्या.

आणि ही बातमी मला उसाच्या फडात फोन करून आईला सांगायची होती. सकाळपासून नंबर लावत होते आणि कट करत होते.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. मॅडम आमच्या कॅम्पसवर विद्यार्थी साहाय्य कक्ष बघायच्या. दारावर पाटी तशी आहे, पण आम्ही त्याला रडायची खोली म्हणायचो.

स्कॉलरशिप अडकली, जा रडायच्या खोलीत. ब्रेकअप झालं, तिथंच जा. मॅडम आधी रागवायच्या, मग चहा मागवायच्या.

त्या मूळच्या नाशिकच्या. आपल्याकडं नवीन आल्या तेव्हा मी फर्स्ट इयरला होते. दिवाळीला हॉस्टेल बंद करताना त्यांनी सगळ्या पोरींना बजावलं, येताना आईच्या हातचा फराळ आणायचा, एकत्र बसून खाऊ.

आता काय सांगायचं त्यांना?

माझ्या घराला कुलूप होतं. आमचं गाव युसूफ वडगावजवळ. दसरा झाला की आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, टोळीबरोबर ऊसतोडीला जातात ते पार उन्हाळा लागताना येतात. दिवाळी फडातच. त्या दिवशीही खाडा नाही. खाडा म्हणजे एक दिवस कोयता न धरणं. मुकादम दंड लावतो, आणि आईला तो शब्दच सहन होत नाही.

सुट्टीभर मी मामाकडं राहिले. मामी वाईट नाही हो, पण तिच्याकडं डबा भरून मागायचा कसा?

मग येताना केजच्या स्टँडवर चिवड्याचं पाकीट घेतलं आणि डब्यात ओतलं.

मॅडमनी मूठभर तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "काय चव आहे गं तुझ्या आईच्या हाताला."

दिंद्रुडची माझी रूममेट खाली ताटलीत बघत बसली. तिच्याही डब्यात विकतचंच होतं.

मी सांगून टाकलं, मॅडम, स्टँडवरचा आहे, आई फडात आहे.

मॅडमनी चिवडा मात्र सगळा संपवला. लई तिखट होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानंच, असं आम्ही धरून चाललो.

पुढच्या वर्षी खरं संकट आलं. दसऱ्याच्या तोंडावर मामानं माझ्यासाठी स्थळ आणलं.

मामाचं म्हणणं सरळ होतं. पोरगी वयात आलेली, आईबाप परमुलखात, हॉस्टेल दिवाळीला बंद. ठेवायची कुठं? लग्न लावा. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, अशी जोडी मुकादम लगेच कामावर घेतो. आई रडली, पण नाही म्हणाली नाही.

मी रडायच्या खोलीत गेले. त्या दिवशी मॅडम रागावल्या नाहीत आणि चहाही मागवला नाही. पर्स उचलली आणि मला घेऊन आमच्या गावाला निघाल्या.

टोळी निघायच्या बेतात होती. आई दारात भांडी बांधत बसलेली. मॅडम नीट इस्त्रीच्या साडीत तिच्या शेजारी भुईवर बसल्या आणि कढई पोत्यात भरायला लागल्या.

आईनं एवढंच विचारलं, "दिवाळीत पोरगी कुटं ऱ्हाईल, बाई?"

"हॉस्टेलवर. ते उघडं राहणार आहे. मी स्वतः तिथे राहणार आहे."

"आन् कुनी न्यायाला आलं तर?"

"तुमचा फोन आल्याशिवाय फाटक उघडणार नाही."

आईनं पोत्याचं तोंड बांधलं. मग मागं उभ्या मामाला म्हणाली, पावन्यांना न्हाई म्हनून कळीव.

गंमत म्हणजे हॉस्टेल उघडं ठेवायची परवानगी तेव्हा मिळालीच नव्हती. मॅडमनी मागितलीच नव्हती ना! दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन त्या जे बोलल्या, ते आमचे शिपाईकाका अजून रंगवून सांगतात.

त्या दिवाळीला मॅडम गादी घेऊन हॉस्टेलवर आल्या. ऊसतोडीच्या घरच्या आम्ही पोरी मेसमध्ये चिवडा करायला बसलो. आई फडातून फोनवर, स्पीकर चालू, मागं ट्रॅक्टरचा आवाज. पोहे किती भाजायचे, हळद कधी टाकायची, सगळं ती तिकडून सांगत होती. आम्ही जाळायचे ते जाळलेच.

मॅडमनी चव घेतली. म्हणाल्या, "ताई, खरं सांगू? स्टँडवरचा बरा होता."

आई इतकी हसली की बाजूच्या कोपीतल्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीतल्या, बायका बघायला आल्या.

तेव्हापासून दर दिवाळी हेच. आणि दोघींची अशी गट्टी जमली की आईचा फोन आधी मॅडमना, मग मला.

आज सकाळी मॅडमना अटॅक आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

मी आता एम.ए.ला आहे. मामाचं स्थळं बघणं चालूच आहे. मॅडमच्या शब्दावर आईनं मला इथं ठेवलं, आणि शब्द देणारं माणूसच गेलं. आता आई परत बोलावणार, याची मला फार भीती वाटत होती. मॅडम गेल्याचं रडू आणि ही भीती, काही वेगळं करता येईना.

दुपारी शेवटी फोन लावला. सांगितलं.

आई म्हणाली, "तू तितनं हालू नको. त्या बाईनं ठिवलीय तुला. शिक्षान व्हस्तोर हालायचं न्हाई."

अण्णांनी फोन घेतला.

माझी आई अंगात ताप घेऊन ऊस तोडते. आजीची माती झाली, तर दुसऱ्या दिवशी ही फडात होती.

अण्णा म्हणाले, "तुजी आई कोयता खाली ठिवून बसलीय. आज खाडा म्हनती."

मॅडम, माझ्या आईनं तुमच्यासाठी खाडा केलाय. याहून मोठी श्रद्धांजली मला लिहिता येत नाही.

संध्याकाळी पोरी मेसमध्ये चिवडा करणार आहेत. तिखटच करू.

नीट जा, मॅडम. हॉस्टेल उघडं आहे.