आत्याच्या पायाचं अवजार

माझ्या आतेभावाचा, दत्ताचा फोन आला तेव्हा मी भोरच्या शाळेत तास संपवून वर्गाबाहेर पडत होतो. "आई गेली," एवढंच तो बोलला. मी विचारलं, "अंथरुणात होती का रे?"

"न्हाई रं. सकाळी आपल्या पायानं न्हाणीत गेली, च्या पिली, आन् ओट्यावर बसल्या बसल्या…"

मला रडू आलं, पण त्याच्याही आधी सुटल्यासारखं वाटलं. आजारपणात आत्याचं देवापाशी एकच मागणं होतं, कुणी आपल्याला उचलून न्यायची वेळ येऊ नये.

मार्गासनीची ही माझी आत्या पायाला फार खंबीर. मी भोरला कॉलेजात शिकत असताना ती रोज सकाळी शेतातल्या घरापासून फाट्यापर्यंत चालत यायची आणि एसटीच्या कंडक्टरकडे माझा डबा द्यायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या डब्यांवर.

दोन वर्षांपूर्वी भाताची लावणी उरकली आणि तिच्या डाव्या अंगावरनं वारं गेलं. बोलणं शाबूत राहिलं, हातही थोडा सुधारला, पण डावं पाऊल पुढून लोंबायचं. बोटं जमिनीला घासू नयेत म्हणून ती सगळा पाय बाहेरून गोल फिरवून टाकायची आणि चार पावलांत दमायची. पुण्याच्या फिजिओथेरपीच्या बाईंनी तिच्या मापाचा प्लास्टिकचा साचा करून दिला. पोटरीच्या मागून तळव्याखाली येणारा, वर पट्टा, आणि सगळा बुटात बसवायचा. त्यानं पाऊल लोंबायचं थांबलं, टाच आधी टेकायला लागली. दवाखान्याच्या व्हरांड्यात आत्या या टोकापासून त्या टोकाला गेली आणि वळून म्हणाली, "आता जाती बघ फाट्यावर!"

पण घरी आल्यावर ती पडली. आठवडाभरात पुन्हा पडली, तीही देवघरापाशी. दत्ता वैतागून म्हणाला, "साचा चुकीचा दिलाय." मी मार्गासनीला गेलो, तर दारात चपलांच्या रांगेत आत्याचा बूट, आणि बुटात साचा. अंगणात ती झोकात चालायची आणि उंबऱ्यापाशी सगळं काढून अनवाणी आत जायची.

"आत्या, घरातच तर तू जास्त चालतेस ना?"

"मग? पायताण घालून देवाम्होरं जाऊ व्हय? लई शिकलास रं!"

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, घरात वापरायला वेगळा, कोरा बूट घ्या, नुसत्या साच्यावर फरशीवरून घसरतील. बूट आणला, पण आत्या त्याच्याकडे बघेना. आता ही अंथरूण धरणार, असं आम्हाला वाटू लागलं…

तोडगा निघाला खंडेनवमीला. दत्ताची बायको कल्पना सासूला आत्याच म्हणायची. विळा, खुरपं, कोयता धुऊन तिनं पाटावर मांडले, आणि साचाही घासूनपुसून त्यांच्याच ओळीत ठेवला. सगळ्यांना हळदकुंकू लावलं.

आत्या कडाडली, "आगं, ते काय मांडलंस?"

"अवजार हाय, आत्या. विळा हाताचं, ह्ये पायाचं. विळा घरात चालतो, मग ह्येच्यावर का राग?"

"आन् बूट?"

"त्यो विळ्याची मूठ समजा. ह्या बुटाला अजून भायेरची माती लागलेली न्हाई, आन् लागू देनार बी न्हाई."

आत्यानं पाटावरचा साचा उलटापालटा करून पाहिला. मग पाय पुढे करून म्हणाली, "बांध. वकील व्हायाची ती चुलीपाशी बसलीया!" त्या दिवशी तिनं देवाला फूल वाहिलं ते आपल्या पायावर उभं राहून. पुढे ती फाट्यापर्यंत काही गेली नाही. पण न्हाणी, चूल, देवघर, गोठा… शेवटपर्यंत तिला कुणाचा खांदा लागला नाही.

तेराव्याला घरात गर्दी होती. आवराआवरीत कुणीतरी भलेपणानं आत्याचा साचा बुटासकट उचलून दारातल्या चपलांत नेऊन ठेवला. कल्पनानं जाता-येता ते पाहिलं, हातातलं ताट खाली ठेवलं.

"त्याची जागा हितं न्हाई," ती म्हणाली. पदरानं बुटाचा तळ पुसला आणि सगळं आत नेऊन विळ्याशेजारच्या खुंटीला अडकवलं. पट्ट्याच्या शिवणीत हळद अजून पिवळी होती.